दहा बाय दहा बाय दहा

हाय-फायचा नाद असलेल्या माणसानं नागपुरात कुठेही राहावं, फक्त इतवारीत राहू नये. धरमपेठेत राहावं, रामदासपेठेत राहावं, अगदीच नाही जमलं तर वर्धा रोडला फ्लॅट घ्यावा. पण माझ्या मामेभावाला, म्हणजे आमच्या दादाला, निवडीला वावच नव्हता. तो जन्मलाच इतवारीत, सराफ्यामागच्या एका बोळात. आणि स्टिरिओचं वेड लागेपर्यंत त्याचं वय एवढं झालं होतं, की घर बदलण्यापेक्षा स्पीकर बदलणं सोपं.

खाली किराण्याचं गोदाम, वर दादाचं बिऱ्हाड. सकाळी लाल मिरच्यांची पोती उतरली की वरच्या मजल्यावर सगळं घर शिंकतं. गाणं ऐकायला बसावं तर हमाल पोतं टाकतो, धक्का भिंतीतून वर चढतो आणि तबकडीवरची सुई दोन आवर्तनं पुढे जाऊन पडते. खालून तबल्यावर थाप पडल्यासारखा पोत्याचा आवाज येतो, तोही समेवर नाही. यावर दादानं उपाय काढला. टर्नटेबलाखाली जड दगड ठेवला म्हणजे हादरे पोचत नाहीत, असं त्यानं कुठेसं वाचलं होतं आणि घरात जड दगड एकच होता. वहिनींचा पाटा. तो त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गेला आणि वहिनींना मिक्सर मिळाला. दादानं हाय-फायपायी केलेल्या सगळ्या खर्चांत एवढाच कामाचा, असं वहिनींचं मत आहे.

आता जरा हिशेब. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल आणि रात्री ५५, अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे. इतवारीतल्या शटरांनी, हातठेल्यांनी आणि बोळात उलट येणाऱ्या टेम्पोंनी हे नियम वाचलेले नाहीत, पण घटकाभर धरून चालू की सगळे कायद्यानं वागतात. तर सीडीवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा कंपन्यांनी हाच आकडा मिरवला होता. म्हणजे तानपुऱ्याची अगदी शेवटची विरणारी आस इतवारीत भरदुपारी ऐकू यायची असेल, तर ती ६५च्या वर काढावी लागणार आणि मग त्याच रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा आवाज जाणार १६१वर. माणसाचे कान १२०-१३०लाच ठणकायला लागतात. हा हिशेब मी दादाला कागदावर मांडून दाखवला. त्यानं कागद नीट पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर मोठा पाहिजे."

या नादाची मेख इथेच आहे. कुठलीही अडचण सांगा, तिचं उत्तर एका खोक्यात बंद असतं आणि ते खोकं अजून आपल्याकडे नसतं.

दादाची सुरुवात सगळ्यांसारखीच टू-इन-वनपासून झाली. मग नव्वदीत ते स्पीकर आले ज्यांच्यावर पाच हजार वॉट पीएमपीओ असं चंदेरी स्टिकर असायचं. खरोखर पाच हजार वॉट निघाले असते तर सगळ्या वाड्याचे फ्यूज उडाले असते. तिथून सुटे भाग सुरू झाले: अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, सीडी प्लेअर वेगळा, आकड्यांचा आवाज करणारा डीएसी वेगळा. यातली गंमत अशी की एक वस्तू सुधारली की शेजारची उघडी पडते. अ‍ॅम्प चांगला आला की स्पीकर भिकार वाटायला लागतात. स्पीकर आले की सुई बोथट झाल्याचा साक्षात्कार होतो. सुई बदलली की ज्या रेकॉर्डी मामांनी जन्मभर आवडीनं ऐकल्या त्यांच्यात खरखर आहे हे कळतं. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प विकून दादानं शंभर वॉटचा घेतला, लॅमिंग्टन रोडवरून, सेकंडहँड. मुंबईहून रेल्वेनं मांडीवर घेऊन आणला. पहिल्या मुलीलाही त्यानं एवढा वेळ मांडीवर घेतलं नव्हतं, असं वहिनी म्हणतात. आता वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट व्हावा, अशी आपली साधी समजूत. पण दुप्पट वॉटनं आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. हे गणित अ‍ॅम्प विकणारा आपण होऊन सांगत नाही.

तीन डेसिबल वाढल्याचं सगळ्यात आधी खालच्या शेठजींना कळलं. ते जिन्यात उभं राहून म्हणाले, "भाऊ, गाणं आयका, काही हरकत नाही. पण तुमच्या त्या ढोलकीनं माझा काटा थरथरून राहिला. दोनशे ग्राम जिरं मोजाले घेतो तर कधी एकशे अठ्ठ्याण्णव, कधी दोनशे तीन. गिऱ्हाईक म्हणते, शेठ काटा मारते." इलेक्ट्रॉनिक काटा दादाच्या खर्जाला एवढा प्रतिसाद देईल असं त्याच्या कंपनीलाही वाटलं नसेल. दादाला मात्र मनातून आनंद झाला. खर्ज खालच्या मजल्यापर्यंत पोचतो, याचा एवढा चोख पुरावा दुसरा नव्हता.

आता इतवारीत राहण्याचा एक फायदा. हाय-फायच्या जाहिरातीत जे जे लिहिलेलं असतं ते ते तपासणारा माणूस इथे हाकेच्या अंतरावर बसलेला असतो. प्लगवर सोनं आहे म्हणता? समोर सराफा. वायरीत शुद्ध तांबं आहे? चला तांब्याच्या दुकानात. खोलीत गाद्या लावा म्हणता? या बाजारात पिढ्यान् पिढ्या माणसं गादीवर बसूनच धंदा करतात.

दादानं इंटरकनेक्ट केबल घेतली, दोन्ही टोकांना पिवळे चकाकणारे प्लग आणि डबीवर "२४ कॅरेट" असं छापलेलं. किंमत इथे लिहीत नाही, वहिनी हे मासिक वाचतात. दादाच्या मनात आलं, एवढे पैसे मोजलेत तर निदान सोनं तरी किती आहे ते कळावं. आम्ही दोघं ओळखीच्या एका सराफांकडे गेलो. सराफांनी चष्मा नाकावर ओढला, प्लग हातात फिरवला आणि विचारलं, "कोणाचं आहे हे? बाळाच्या कानातलं?" दादानं सांगितलं की याच्यातून गाणं जातं. सराफांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता प्लग कसोटीच्या काळ्या दगडावर घासला. पहिली रेघ जेमतेम पिवळी उमटली. पुन्हा घासला. दुसरी रेघ सरळ पितळेची.

"होतं," ते म्हणाले.

"होतं म्हणजे?"

"आता दगडावर आहे."

प्लगवरचा मुलामा मायक्रॉनच्या लहानशा अंशाइतकाच जाड असतो. त्याचं वजन मिलिग्रॅमलाही पोचत नाही. सराफाच्या तराजूवर त्यापेक्षा जास्त सोनं झाडूनही निघत असेल. पण मुद्दा वजनाचा नाही, हे सराफच आम्हाला समजावत बसले. सोन्याला गंज चढत नाही, काळिमा येत नाही, म्हणून ते वर असावं, पावसाळ्यात तुमचा सांधा खराब होणार नाही. वीज वाहण्यात मात्र सोनं तिसरं. पहिली चांदी, मग तांबं, मग सोनं. "गाणं चांगलं पाहिजे तर चांदीचा तार ओढून देऊ का? भाव आजचा लागेल." दादा विचारात पडला. त्याला मी दंड धरून दुकानातून बाहेर काढलं.

तांब्याचं प्रकरण लवकर आटोपलं. वायरीच्या पाकिटावर नव्व्याण्णव पॉइंट नऊ नऊ टक्के लिहिलं होतं. तांबेवाल्यानं सांगितलं की घरातल्या विजेच्या चांगल्या वायरीतलं तांबंही नव्व्याण्णव पॉइंट नऊच्या वरच असतं, तेवढं शुद्ध नसलं तर ते वायरीला घेतच नाहीत. मग आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दादा, अडीच स्क्वेअरची घ्या ना साधी. कूलरले तेच लावतो आम्ही." अडीच चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीचा जाऊन येऊन रोध ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी आणि स्पीकरचा असतो आठ. म्हणजे इलेक्ट्रिशियनचं बरोबर होतं. पण ज्या वायरीवर कूलर चालतो तिच्यावर वसंतराव देशपांडे कसे गातील, असा दादाचा प्रश्न होता. वसंतराव नागपुरातच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्यांना कूलर नवा नसणार, असं मी म्हणून पाहिलं.

ऐकण्याबद्दलही थोडं सांगायला पाहिजे, कारण हाय-फायवाला गाणं ऐकतो असा एक गैरसमज आहे. तो पहिली चाळीस सेकंद ऐकतो. मग उठतो, उजवा स्पीकर अंगठ्याएवढा आत वळवतो, परत बसतो आणि तीच चाळीस सेकंद पुन्हा ऐकतो. दादाच्या घरी मी मारवा अनेकदा ऐकला, पण त्याचा शेवट कसा होतो हे मला आजतागायत माहीत नाही. जगभरच्या हाय-फायच्या दुकानांत १९९४चं ते लाइव्ह 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजतं ते त्यातल्या सुरुवातीच्या गिटारी आणि ढोलाच्या ठोक्यासाठी. गायक तोंड उघडेपर्यंत गिऱ्हाइकानं केबलकडे मोर्चा वळवलेला असतो. त्याच १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी लोकांना एकदा स्पीकर दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवलं. डोळ्यांपुढे स्पीकर असताना लोकांनी दिलेले गुण पडदा आल्यावर बदलले. आकार, नाव, किंमत, सगळं कानात शिरलेलं असतं. असा पडदा आपणही लावून पाहू, असं मी सुचवलं. दादा म्हणाला, "पडद्यामागून आवाज नीट येत नाही."

त्याच्या नव्या ट्वीटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या स्पीकरची, झेप चाळीस किलोहर्ट्झपर्यंत आहे. माणूस तरुणपणी वीसपर्यंत ऐकतो आणि साठीला टेकलेल्याला बाराच्या वर फारसं काही उरत नाही. वरचा सगळा आवाज खालच्या गोदामातल्या मांजरीसाठी आहे. तिला साठच्या वरही ऐकू येतं. दादानं झांजा लावल्या की ती उंदीर सोडून जिन्यात येऊन बसते. शेठजींची ती दुसरी तक्रार.

एवढं सगळं झालं तरी आवाज काही मनासारखा लागेना. मधूनच एखादा खर्जाचा सूर उठायचा आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसायचा. धरमपेठेतले दादाचे एक गुरुबंधू आले. त्यांची ऐकण्याची खोली वेगळी, तिच्यात सोफा एकच आणि त्यावर माणूसही एकच बसतो. त्यांनी चौकात उभं राहून ताक प्यायल्यासारखा एक घोट आवाज घेतला, टाळी वाजवली, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "खोली केवढी?"

दहा बाय दहा. आणि उंची? जुनं बांधकाम, तीही दहा.

गुरुबंधूंनी डोळे मिटले.

लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, यापेक्षा वाईट खोली आवाजाला नाही. समोरासमोरच्या भिंतींत ज्या लाटेची अर्धी लांबी बरोबर बसते तो सूर खोली आपण होऊन फुगवते. दहा फुटांना तो सूर येतो साधारण ५६ हर्ट्झचा. खोली लांबट असती तर तीन भिंतजोड्यांचे तीन वेगळे सूर फुगले असते आणि वाटून गेले असते. इथे तिघी मिळून एकाच सुराला उचलून धरतात. बाकी सूर पाहुण्यासारखे अंग चोरून उभे. त्यात आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. त्यामुळे नागपूरचा पारा ४५ला गेला की तोच फुगीर सूर सरकून ५९च्या जवळ जातो. म्हणजे दादानं डिसेंबरात इक्वलायझर लावून जे काही दाबलं ते मे महिन्यात दुसरीकडून वर येतं. जगातल्या कुठल्याही कंपनीनं उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं बटण वेगळं दिलेलं नाही. दादाची त्यावर नाराजी आहे.

भिंत पाडावी तर पलीकडे चुलत चुलत्यांचा वाटा, त्यावर दिवाणी दावा चालू. छत खाली घ्यावं तर माळा जातो. माळ्यावर वर्षाचे गहू असतात आणि मामांच्या रेकॉर्डीही होत्या. टिनाखाली दोन उन्हाळे काढल्यावर त्यातल्या काहींना अशी लहर आली आहे की त्यांच्यावर सुई होडीसारखी चालते. तेव्हा राहिला एकच मार्ग. खोली मऊ करायची.

गादीवाल्याला बोलावलं. तो विचारायला लागला, "पाहुणे येऊन राहिले का जी? लगन आहे?" दादा म्हणाला, "भिंतीला लावायच्या." गादीवाल्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "त्यांना विचारा. भिंतीला झोप लागत नाहीये."

गाद्या कुठे लावायच्या हे ठरवायची रीत मात्र शास्त्रशुद्ध आहे. एकानं ऐकायच्या जागी बसायचं, दुसऱ्यानं भिंतीला आरसा टेकवून सरकवत न्यायचा आणि ज्या जागी बसलेल्याला आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उसळून कानावर येतो असं समजायचं. आरसा वहिनींचा होता, त्याच्या डाव्या काठाला लाल, मरून, काळ्या टिकल्या चिकटलेल्या. मी तो धरून भिंतीबरोबर सरकत होतो आणि दादा खुर्चीवरून ओरडत होता, "थांब! दिसला! नाही, टिकली आहे."

चार इंची गाद्या भिंतींना टेकल्या, कोपऱ्यांत कापसाची पोती उभी राहिली. रिकाम्या खोलीत टाळी दोन-अडीच सेकंद घुमत राहायची, ती आता वाजल्या वाजल्या पडायला लागली. आणि आवाज? खोटं कशाला सांगू, आवाज सुरेख लागला. वर्षानुवर्षांच्या खोक्यांनी जे केलं नाही ते कापसानं एका दुपारी केलं. तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या मोजता आल्या. दादाला रडू फुटलं. वहिनी म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर माहेरच्या गाद्या आणल्या असत्या, नव्या कशाला भरल्या?"

पण इतवारीत गादी भिंतीला किती दिवस राहणार? पोळ्याच्या पाडव्याला मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला आमच्याकडे चंद्रपूर, वर्धा, भंडारा सगळीकडून नातेवाईक उतरतात. काळी मारबत १८८१पासून निघते आणि पिवळी १८८५पासून. दोघी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा तिथे जे काही डेसिबल होतात ते मोजायला कोणी जात नाही. आदल्या रात्री पाहुण्यांनी भिंतीच्या गाद्या खाली घेतल्या आणि घातल्या. सकाळी मिरवणुकीत बडगे जात होते. त्या दिवशी गावाला छळणाऱ्या कशाचाही पुतळा करून त्याला हाकलतात, महागाईचा करतात, भ्रष्टाचाराचा करतात. शेठजी जिन्यातून म्हणाले, "भाऊ, पुढल्या साली एक बडग्या तुमच्या स्पीकरचा काढू काय? इडापिडा घेऊन जा गे मारबत!"

गाद्या उतरल्यावर ५६चा सूर परत डोक्यावर बसायला हवा होता. तो बसला नाही. खोलीत पंधरा-वीस माणसं होती आणि आवाज होता तसाच नेटका. दादानं शोध घेतला तेव्हा त्याला वॉलेस सबाइन सापडला आणि तिथून हे प्रकरण हाताबाहेर गेलं.

सबाइन हा हार्वर्डमधला तरुण प्राध्यापक. १८९५ साली तिथलं एक नवं व्याख्यानगृह एवढं घुमत होतं की बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त रेंगाळायचा. विद्यापीठानं त्याला सांगितलं, बघ बाबा काय होतं ते. हा गडी रात्री, रस्ते शांत झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, घड्याळ धरून घुमारा मोजायचा आणि सकाळी गाद्या परत नेऊन टाकायचा. याच गाद्यांमधून घुमाऱ्याचं सूत्र निघालं आणि त्याच्या जोरावर बॉस्टनचा सिम्फनी हॉल बांधला, १९०० साली. त्यानं मापाचं एककही ठरवलं: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही म्हणून. (इतवारीत हे एकक चालत नाही. इथे खिडकीतून जातो त्याच्यापेक्षा जास्त आत येतो.) माणसंही आवाज पितात हे त्यानंच मोजून दाखवलं. आणि एकदा त्याच्या लक्षात आलं की मोजणाऱ्याचे स्वतःचे कपडेही आवाज शोषतात. तेव्हा त्यानं तोवरची हजारो मापं फेकून दिली आणि पुढचं सगळं काम एकच ठरलेला हिवाळी कोट आणि पँट घालून केलं.

हे वाचल्यापासून दादा ट्रंकेतला लग्नातला सूट घालून ऐकतो. मे महिना आहे. कूलर बंद ठेवावा लागतो, कारण ताट्यांवर टपटपणारं पाणी आणि पंखा मिळून तानपुऱ्याचा षड्ज खातात. गाद्या पाहुण्यांनी खराब केल्या म्हणून उसवून पुन्हा भरायला गेल्यात, त्यामुळे तूर्त तो माणसांवर काम भागवतो आहे. दर रविवारी निवडक लोकांना बोलावतो, जाड मंडळींना कोपऱ्यात बसवतो, बारीक असतील त्यांना आरशानं नेमलेल्या जागी भिंतीशी. हलू नका म्हणतो. खांद्यावर शाल असेल तर जागा पुढची मिळते.

मला कालच फोन आला. "रविवारी दुपारी ये. तुझी डाव्या भिंतीची जागा रिकामी आहे. आणि तो तुझा हिमाचलचा लोकरी स्वेटर आहे ना, गळा वरपर्यंतचा, तो घालून ये."

मी विचारलं, "आणि प्यायला काय?"

फोन वहिनींनी घेतला. "मठ्ठा. माठभर करून ठेवते आहे. आणि बर्फही आणायचा, भावजी, तुम्हीच. यांना स्वेटर काढू द्यायचा नाही म्हणे."